वर्गातील संवादी फलक : नेहमीचे दोष आणि त्यांची चिकित्सा

विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या अनेक वर्गखोल्यांतून खडूच्या फळ्याशेजारी, आणि काही ठिकाणी त्याच्या जागी, संवादी फलक आता रुळले आहेत. भाषाविज्ञानाच्या अध्यापनास हे साधन विशेष उपकारक आहे. एखाद्या उच्चाराचे ध्वनिचित्र समोर ठेवून त्यावरच खुणा करणे, बोलींच्या नकाशावर रूपांच्या सीमारेषा ओढून दाखविणे, वाक्याची वृक्षाकृती विद्यार्थ्यांकडून पुरी करून घेणे आणि हे सर्व पुढील तासासाठी जतन करून ठेवणे या गोष्टी खडूने साधत नाहीत. असे असूनही पुष्कळदा या फलकाचा उपयोग केवळ एक महागडा पडदा म्हणून होतो. याचे कारण फलक वारंवार बिघडतो एवढेच नाही. बिघडल्यावर नेमके काय बिघडले हे ठरविण्याची रीत आपणांपाशी नसते, हे त्याचे खरे कारण आहे. ‘बोर्ड चालत नाही’ एवढे एकच वाक्य कार्यालयाकडे जाते, तंत्रज्ञाची वाट पाहण्यात दिवस लोटतात, आणि दरम्यान अध्यापक ते साधन कायमचे सोडून देतो.

प्रस्तुत लेखात या दोषांची वर्गवारी करून त्यांच्या चिकित्सेची एक सोपी पद्धत मांडावयाची आहे. ही पद्धत आपल्या विषयाच्या अभ्यासकांस नवी नाही. तसेच, या दोषांपैकी एक वर्ग लिपीचा असून त्याची जबाबदारी तंत्रज्ञावर नव्हे तर आपणांवरच येते, हेही येथे दाखवावयाचे आहे.

१. नाव एक, यंत्रे अनेक

मराठीत ‘झेरॉक्स’ हे जसे कोणत्याही छायाप्रतीचे आणि ‘डालडा’ हे कोणत्याही वनस्पती तुपाचे नाव झाले, तसेच ‘स्मार्ट बोर्ड’ हे कोणत्याही संवादी फलकाचे नाव झाले आहे. मूळात ते एका विशिष्ट उत्पादनाचे नाव होय. कॅनडातील कॅल्गरी येथील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ साली या नावाचा फलक बाजारात आणला. अर्थविस्ताराचा हा नमुना शब्दार्थविचाराच्या दृष्टीने मनोरंजक असला, तरी व्यवहारात तो दिशाभूल करतो. कारण या एका नावाखाली निदान चार निरनिराळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रे मोडतात, आणि प्रत्येकाचे दोष वेगळे असतात.

पहिल्या प्रकारात फलकाच्या पृष्ठभागाखाली दोन पातळ विद्युत्वाहक पापुद्रे असून त्यांच्यामध्ये किंचित पोकळी असते. बोटाने दाब दिला की ते त्या ठिकाणी परस्परांना टेकतात आणि स्पर्शाचे स्थान कळते. दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागामागे तारांची जाळी असते आणि ती विशिष्ट लेखणीतील वेटोळ्याचे स्थान विद्युत्चुंबकीय रीतीने ओळखते. या प्रकारच्या साध्या फलकावर बोटाने लिहू गेल्यास काहीच उमटत नाही, आणि हा दोष नव्हे. तिसऱ्या प्रकारात चौकटीच्या कडांतून अवरक्त किरणांची जाळी पृष्ठभागालगत पसरलेली असते, अथवा कोपऱ्यांत सूक्ष्म कॅमेरे बसविलेले असतात. किरण जेथे अडतो ते स्पर्शाचे स्थान मानले जाते. अलीकडील मोठ्या सपाट पटलांत ही चौकट विशेष आढळते. चौथ्या प्रकारात लेखणी एकाच वेळी अवरक्त किरण व श्रवणातीत ध्वनी सोडते. किरण तत्क्षणी पोहोचतो, ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने मागाहून येतो, आणि या दोहोंतील अंतरावरून लेखणीचे स्थान काढले जाते.

यास्तव चिकित्सेचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘आपला फलक यांपैकी कोणता?’ हा असला पाहिजे. वर्गातील फलकाच्या कडेवर ही माहिती एका चिठ्ठीवर लिहून लावली, तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

२. चिकित्सेची पद्धत

‘काल’ आणि ‘काळ’ या दोन शब्दांत एकच ध्वनी भिन्न असून बाकी सर्व समान आहे. म्हणूनच अर्थातील भेद त्या एका ध्वनीवर टाकता येतो. न्यूनतम युग्माचे हे तत्त्व आपण प्रथम वर्षापासून शिकवितो. दोषचिकित्सेचे तत्त्व हेच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशीच ठेवावी, आणि दोष राहतो की जातो ते पाहावे. व्यवहारात मात्र याच्या उलट घडते. घाईघाईने केबल काढली जाते, संगणक पुन्हा सुरू केला जातो, लेखणी बदलली जाते, आणि फलक सुरू झालाच तर तो कशामुळे सुरू झाला हे कोणासच सांगता येत नाही. दोष पुन्हा उद्भवला की सर्व पुन्हा पहिल्यापासून.

बदलावयाच्या गोष्टींची साखळी पुढीलप्रमाणे मानता येईल : स्पर्श ओळखणारा पृष्ठभाग किंवा लेखणी, तेथून संगणकाकडे जाणारी केबल, संगणकातील व्यवस्था, संगणकाकडून दृश्य व ध्वनी आणणारी केबल, प्रोजेक्टर किंवा पटल, आणि शेवटी पडद्यावर उमटणारी लिपी. संगणकाचा स्वतःचा माउस हलविल्यावर फलकावरील बाण हलतो, परंतु बोट लावल्यास हलत नाही, तर दृश्याची बाजू निर्दोष असून दोष स्पर्शाच्या बाजूस आहे. दुसरा संगणक जोडल्यावर स्पर्श चालू झाला, तर दोष पहिल्या संगणकात होता. अशा दोन-तीन तुलनांनी दोषाचा मुक्काम बहुधा सापडतो.

३. स्पर्शाचे दोष

स्पर्शाच्या दोषांसाठी शिरोरेषेची कसोटी उपयुक्त ठरते. फलकाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत वर, मध्ये आणि खाली अशा तीन लांब शिरोरेषा एका दमात ओढाव्यात. त्यांच्या स्वरूपावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

रेषा अखंड आहे, परंतु बोटापासून सर्वत्र सारख्याच अंतराने किंवा क्रमाक्रमाने वाढत्या अंतराने सरकलेली आहे, तर दोष अंशशोधनाचा होय. संगणकावर यालाच ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘ओरिएंट’ असे नाव दिसते. यात फलकावर दाखविलेल्या खुणांवर क्रमाने बोट टेकवावे लागते. या खुणा निदान चार का असतात, हे जाणून घेण्यासारखे आहे. तिरप्या कोनातून पडलेल्या चित्राचा फलकाशी असलेला संबंध ठरविण्यास आठ संख्या लागतात, आणि प्रत्येक खूण आडवे व उभे असे दोन आकडे पुरविते. अधिक खुणा घेतल्याने चूक विभागली जाऊन अचूकता वाढते. मात्र एक खूण जरी निष्काळजीपणे टेकली, तरी संपूर्ण फलक तिरपा होतो. प्रोजेक्टरला धक्का लागणे, तो काढून पुन्हा बसविणे किंवा चित्राचा आकार बदलणे यांपैकी काहीही घडले की अंशशोधन पुन्हा करावे लागते. छतावर न बसविता टेबलावर ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या बाबतीत ते रोजचेच काम होऊन बसते.

रेषा फलकाच्या ठरावीक जागी प्रत्येक वेळी तुटते, तर दोष त्या जागीच आहे : दाबाच्या फलकात पापुद्रा दुखावलेला असेल, किरणांच्या फलकात त्या ओळीच्या कडेस धूळ किंवा चिकटपट्टी असेल. कोरड्या मऊ फडक्याने चौकटीची आतील कड पुसणे हा पहिला उपाय होय. रेषा कोठेही आणि अनियमितपणे तुटते, तर लेखणी बदलून पाहावी. लेखणीतील बॅटरी क्षीण झाल्याचे हे लक्षण असू शकते. ध्वनीवर चालणाऱ्या लेखणीत हात किंवा शरीर ग्राहकाच्या आड येऊनही असे घडते.

कोणी स्पर्श न करताच खुणा उमटत असतील, तर किरणांच्या फलकात चौकटीजवळ आलेला पदर, ओढणी, सैल बाही अथवा कडेस चिकटविलेला कागद पाहावा. हा दोष दिवसाच्या ठरावीक वेळीच होत असेल, तर खिडकीतून चौकटीवर पडणाऱ्या उन्हाचा संशय घ्यावा आणि पडदा ओढून तुलना करावी. याच फलकात आणखी एक विशेष आढळतो. किरण पृष्ठभागापासून किंचित वर असल्याने बोट पुरेसे उचलले नाही तर ते उचललेच नाही असे मानले जाते. देवनागरी लिहिताना शिरोरेषा, मात्रा आणि अनुस्वार यांसाठी हात पुनःपुन्हा उचलावा लागतो. साहजिकच अनुस्वार शिरोरेषेस शेपटीने जोडला जातो आणि अक्षरे एकमेकांत गुंततात. येथे यंत्रात बिघाड नसतो. प्रत्येक रेषेनंतर हात स्पष्टपणे मागे घेण्याची सवय, हाच उपाय.

जुन्या काही स्मार्ट बोर्डांच्या लेखणीपात्रातील व्यवस्था तर सोस्यूरच्या वाचकास परिचित वाटावी. तेथे लाल लेखणीत लाल असे काहीच नसते. पात्रातील कोणत्या खाचेतून लेखणी उचलली गेली हे प्रकाशसंवेदकाने कळते आणि त्या खाचेचा रंग फलकावर उमटतो. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, ते असे. लेखण्यांची अदलाबदल होऊन निळ्या लेखणीने लाल लिहिले जात असेल, तर तो बिघाड नव्हे. तसेच एखादी लेखणी पात्राबाहेर राहिल्यास बोटानेही शाईच उमटत राहते. सर्व लेखण्या जागी ठेवल्या की बोट पुन्हा माउसचे काम करू लागते.

४. जोडणीचे व दृश्याचे दोष

दृश्य आणण्याच्या एचडीएमआय केबलमधून स्पर्शाची माहिती संगणकाकडे परत जात नाही. त्यासाठी यूएसबी केबल वेगळी लावावी लागते. दृश्य उत्तम दिसते पण स्पर्श अजिबात नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा ही दुसरी केबलच लावलेली नसते. साध्या यूएसबी केबलची लांबी सुमारे ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. अध्यापकाचे मेज फलकापासून दूर असेल तर दोन साध्या केबली जोडण्याऐवजी संदेश वाढविणारी, विद्युत्शक्तीवर चालणारी केबल घ्यावी. संगणक काही वेळ निजल्यानंतर स्पर्श नाहीसा होत असेल, तर वीज वाचविण्यासाठी यूएसबीचे द्वार बंद करण्याची संगणकातील योजना रद्द करावी.

फलकावर बोट टेकले असता बाण संगणकाच्या छोट्या पडद्यावर हलतो, हा दोषही नेहमीचा आहे. फलक हा दुसरा, विस्तारित पडदा म्हणून जोडला गेल्यास संगणक स्पर्शाचा संबंध पहिल्या पडद्याशी लावतो. विंडोज प्रणालीत विंडोजच्या चिन्हाची कळ व ‘पी’ ही कळ एकत्र दाबून दोन्ही पडद्यांवर एकच दृश्य ठेवले की काम भागते. विस्तारित पडदाच हवा असेल, तर ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’ येथे जाऊन स्पर्शाचा पडदा कोणता हे एकदा सांगावे लागते.

चित्र धूसर असून र्‍हस्व-दीर्घ उकार किंवा अनुस्वार ओळखू येत नसतील, तर संगणकाचे रिझोल्यूशन पटलाच्या किंवा प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनशी जुळते की नाही ते पाहावे. प्रोजेक्टर काही वेळ चालून आपोआप बंद पडत असेल, तर त्याची हवेची जाळी धुळीने कोंदली असून तो अतितप्त होत असण्याचा संभव असतो. जाळी स्वच्छ करणे अध्यापकास शक्य आहे. मात्र दिव्याचे किंवा पटलाचे आवरण उघडणे हे सर्वस्वी तंत्रज्ञाचे काम होय.

५. ध्वनीचे दोष

इतर विषयांत आवाज ही सोय असते. ध्वनिविचाराच्या तासाला तो अभ्यासाचा विषय असतो. एचडीएमआय केबल लावताच संगणक पुष्कळदा आपला ध्वनीही तिच्यातून पाठवू लागतो, आणि प्रोजेक्टरला स्पीकर नसेल तर वर्गात काहीच ऐकू येत नाही. ध्वनीचे निर्गमस्थान हाताने निवडले की हा दोष नाहीसा होतो.

याहून घातक दोष असा की आवाज ऐकू येतो, पण पुरा येत नाही. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी तालव्य ‘ज’ने आणि ‘जगणे’ या धातूच्या आज्ञार्थी दंततालव्य ‘ज’ने उच्चारला जातो. हा भेद ओळखण्यास साहाय्य करणारी घर्षणाची ऊर्जा मोठ्या प्रमाणावर वरच्या वारंवारतांत असते. ब्लूटूथचा स्पीकर मायक्रोफोनसह दूरध्वनीच्या पद्धतीने जोडला गेला, तर ध्वनी अरुंद पट्ट्यातून जातो. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुनेच घेतले जात असल्याने ४,००० हर्ट्झच्या वरचे सर्व गळून पडते. विद्यार्थ्यास दोन्ही ‘ज’ सारखेच ऐकू आले, तर त्याच्या कानास दोष देण्यापूर्वी स्पीकर केबलने जोडून पुन्हा ऐकवावे. ‘प्रात’ या प्रोग्राममध्ये ध्वनिचित्र काढले असता त्यात वरच्या वारंवारता दिसत असूनही वर्गात त्या ऐकू येत नसतील, तर ध्वनिमुद्रण निर्दोष असून दोष त्यापुढील वाटेवर आहे.

६. लिपीचे दोष

येथवरचे दोष कोणताही तंत्रज्ञ दुरुस्त करील. लिपीचे दोष मात्र त्याच्या दृष्टीस पडतीलच असे नाही. कारण त्याच्या मते फलक चालू असतो. येथेही लक्षणांवरून निदान करता येते.

देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन माळ दिसते, तर मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टंकित असून तो फॉन्ट वर्गातील संगणकावर नाही. अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसविलेले असतात. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हा यावरील कायमचा उपाय, आणि फॉन्टसहित पीडीएफ करून आणणे हा तात्पुरता. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो, तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी मराठीतील ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला. जुन्या फॉन्टांत ‘ॲप’ हा शब्द म्हणूनच चौकोनाने सुरू होतो. र्‍हस्व इकार व्यंजनाच्या मागाहून दिसतो किंवा जोडाक्षरे फुटून पायमोडकी दिसतात, तर फॉन्ट नव्हे, प्रोग्राम दोषी आहे. संगणकात ‘कि’ हे अक्षर आधी ‘क’ आणि मग इकार अशा उच्चारक्रमाने साठविलेले असते. त्याची लेखनक्रमाने मांडणी करणे हे प्रोग्रामचे काम असून काही फलकांच्या लेखनप्रणालीस ते येत नाही. टिंबाटिंबांचे वर्तुळ व त्यावर मात्रा दिसली, तर मात्रेस व्यंजनाचा आधार नाही, म्हणजे संकेतांचा क्रम चुकला आहे असे बहुधा समजावे.

हे दोष निदान दिसतात तरी. न दिसणारा दोष अधिक गंभीर असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद तर प्रसिद्धच आहे. मराठीतील हा अर्धचंद्राकृती रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त देऊन, दुसरा, ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसऱ्या प्रकारे लिहिलेला मजकूर अदृश्य चिन्हे गाळणाऱ्या प्रोग्राममधून गेला, तर ‘दऱ्या’चे मुकाट्याने ‘दर्या’ होते. ना चौकोन दिसतो, ना वर्तुळ. पडद्यावर एक शुद्ध पण वेगळाच शब्द उभा असतो. वर्गात ते एखाद्याच्या लक्षात येईल. परंतु फलकावर संपादित केलेला बोलीचा मजकूर तसाच संग्रहात गेला, तर पुढील अभ्यासक त्यास पुरावा मानून चालेल. शिवाय, दोन प्रकारे लिहिलेली एकच रूपे शोधाच्या वेळी एकमेकांशी जुळत नाहीत आणि शब्दांची गणती चुकते. यास्तव विभागातील सर्व सामग्रीत पहिला प्रकार एकसमान वापरावा, अशी येथे सूचना आहे.

फलकावरील हस्तलेखन ओळखणाऱ्या प्रणालीत भाषा ‘मराठी’ निवडलेली आहे की नाही, हेही तपासावे. ती ‘हिंदी’ असेल, तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांच्या बाबतीत चुकीची रूपे पुढे येण्याचा संभव असतो.

या सर्वांसाठी एक कसोटीची पट्टी करून ठेवणे सोयीचे होईल. ‘किल्ली, शक्ती, वाङ्मय, क्लृप्ती, ॲप, काळ, दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना’ हे दहा शब्द नव्या संगणकावर किंवा नव्या प्रोग्राममध्ये चिकटवून, जतन करून व पुन्हा उघडून पाहावेत. दहाही शब्द जसेच्या तसे परत आले, तर ती व्यवस्था सामान्यतः मराठीच्या अध्यापनास योग्य मानण्यास हरकत नाही.

७. दोषनोंदीची भाषा

क्षेत्रकार्यात निवेदकाचे वाक्य टिपताना आपण बोलणारा, स्थळ, प्रसंग आणि संदर्भ नोंदवितो. स्पष्टीकरण मागाहून येते. दोषाची नोंदही अशीच असावी. ‘बोर्ड चालत नाही’ हे वर्णन नव्हे, निष्कर्ष आहे, आणि तोही अपुरा. त्याऐवजी ‘दुपारी तीननंतर उजव्या वरच्या कोपऱ्यात स्पर्शाविना खुणा उमटतात, पडदा ओढल्यास थांबतात, संगणक बदलूनही फरक नाही’ अशी तीन वाक्ये लिहिली, तर तंत्रज्ञास येण्यापूर्वीच निम्मे निदान मिळालेले असते. प्रत्येक वर्गात अशी एक वही ठेवावी. तीत दोष, केलेली तुलना आणि सापडलेले कारण हे तीन रकाने असावेत. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती आळीपाळीने भरावी. एक-दोन सत्रांत त्या त्या फलकाच्या सवयी त्या वहीतून स्पष्ट होतील. नवीन फलक घेण्याचा प्रसंग आल्यास विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा ती वही अधिक विश्वसनीय मार्गदर्शक ठरेल.

यांत्रिक दोषांसाठी तंत्रज्ञ आहेच. परंतु फलकावर ‘दर्या’ दिसत असताना तेथे ‘दऱ्या’ असावयास हवे होते, हे सांगणारा मराठीचा जाणकार वर्गात अध्यापकावाचून दुसरा कोणी नसतो. निदान तेवढी तपासणी प्रत्येक तासापूर्वी आपण स्वतः करावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.